तिसऱ्यांदा गेलेलं बेअरिंग

एटीव्हीच्या मागच्या अ‍ॅक्सलचं बेअरिंग बदलायला एक दुपार पुरते. ते का गेलं, हे विचारायचं मात्र आपण विसरतो.

"दादा, मागून घरघर येतीय."

आमच्या टीमचा ड्रायव्हर सेकंड इयरला होता. हे वाक्य त्यानं एका आठवड्यात तीन वेळा म्हटलं. पहिल्या वेळी आम्ही चेनला तेल मारलं. दुसऱ्या वेळी 'टायरचा आवाज असेल' म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या वेळी कुणीतरी म्हणालं, "अरे, एटीव्ही आहे, मर्सिडीज नाही. चालव!"

शनिवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या मुरमाड माळावर टेस्टिंग चालू होतं. वळणावर डावं मागचं चाक एकाएकी जाम झालं. गाडी आडवी फिरली आणि बांधाला टेकून थांबली. रोल केज, बेल्ट, हेल्मेट सगळं जागच्या जागी होतं, म्हणून पोराला खरचटलंसुद्धा नाही. हेल्मेट काढून तो बाजूला जाऊन बसला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

चाक खोललं. आत बेअरिंग म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. छर्रे लालसर चिखलात लोळत होते, ब्रेकची डिस्क तिरकी होऊन कॅलिपरमध्ये अडकली होती. त्याहून वाईट म्हणजे टीमच्या वहीत लिहिलं होतं की हेच बेअरिंग त्याच वर्षात आधी दोनदा बदललं होतं. दोन्ही वेळा फक्त बदललं होतं. का गेलं, याबद्दल वहीत एक ओळ नव्हती.

एटीव्ही तुमची असो वा नसो

एटीव्ही म्हटलं की कुणाला पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरची जाड टायरांची, हँडलवाली राइड आठवते. इंजिनीअरिंगच्या पोरांना मात्र आठवते ती 'बाजा'. १९७६ साली अमेरिकेत सुरू झालेली ही स्पर्धा २००७ पासून 'बाजा एसएईइंडिया' या नावानं आपल्याकडे आली, आणि इंदूरजवळचं पीथमपूर हे नाव वर्कशॉपमध्ये घरच्यासारखं झालं. एका माणसाची, खडकाळ रस्त्यावर धावणारी गाडी पोरांनी स्वतः डिझाइन करायची, वेल्ड करायची आणि चालवून दाखवायची. वर्षानुवर्षं सगळ्यांना इंजिन एकच असायचं: ३०५ सीसी, १० हॉर्सपॉवरचं. मग फरक पडायचा तो बाकीच्या गाडीत. शेवटी असते चार तासांची एन्ड्युरन्स. तिथं गाड्या इंजिनापेक्षा अशाच बारक्यासारक्या कारणांनी बाहेर पडताना दिसतात.

तुम्ही कॉमर्सला किंवा बीएस्सीला असाल तर लगेच पान उलटू नका. तुम्ही रोज कॉलेजला आणता त्या बाइकच्या मागच्या चाकात जवळपास हीच रचना आहे: दोन बेअरिंग आणि मध्ये एक नळी. त्या नळीची गोष्ट पुढं येतेय.

आपल्या पट्ट्याला हे काम काही नवीन नाही. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३३ साली डिझेल इंजिन तयार झालं. पुढं 'प्रिया' स्कूटर याच साताऱ्यात बनायच्या. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे, कराडचं शासकीय इंजिनीअरिंग कॉलेज १९६० पासून. सांगायचं एवढंच, की लेथवर हात बसलेला माणूस शोधायला तुम्हाला पुण्याला जायची गरज नाही. आम्हाला तो एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये सापडला. उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. सगळे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही म्हणालो.

मामांनी तुटलेलं बेअरिंग हातात घेतलं.

"कितव्यांदा बदलताय ह्ये?"

"तिसऱ्यांदा, मामा."

"मग बेअरिंगचा काय दोष न्हाई. त्याला मारतंय कोण, त्यो आधी हुडका."

गणित काय सांगतं?

आधी गणितच बघू, कारण मामांचं बरोबर का होतं ते त्यातून कळतं.

जुन्या बैलगाडीत लाकडी चाकाचा तुंबा लोखंडी आसावर घासत फिरायचा. वंगण संपलं की गाडी कुरकुरायची. बेअरिंगमध्ये घासणं जाऊन त्या जागी लोळणं येतं. आतलं कडं अ‍ॅक्सलवर बसतं, बाहेरचं कडं हाऊसिंगमध्ये, आणि मधले छर्रे लोळतात.

आमच्या गाडीत ६२०६ नंबरचं बेअरिंग होतं. या नंबरमध्येच सगळं लिहिलेलं असतं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणा: ०६ म्हणजे ३० मिलिमीटर, आतलं भोक. बाहेरचा व्यास ६२, जाडी १६. पुढं '२आरएस' असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, 'झेडझेड' असेल तर पत्र्याची झाकणं. पत्रा धूळ अडवतो, पाणी नाही. म्हणून चिखलात जाणाऱ्या गाडीला २आरएसच घ्या. 'सी३' म्हणजे छर्‍यांना आत नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक.

आता हिशोब. ६२०६ ची भार पेलण्याची कॅटलॉगमधली क्षमता साधारण २० किलोन्यूटन. ड्रायव्हरसकट गाडी अडीचशे किलोच्या आसपास धरली, तर मागच्या एका चाकावर सत्तर-ऐंशी किलो येतात. उड्या आणि खड्डे धरून ते पाचपट करा: ४ किलोन्यूटन. क्षमता भागिले भार, आलं ५. त्याचा घन १२५. उत्तर येतं दशलक्ष फेऱ्यांमध्ये, म्हणजे साडेबारा कोटी फेऱ्या.

आणि आपण चालवतो किती? २३ इंची टायर एका फेरीत सुमारे १.८३ मीटर जातो. चार तासांची एन्ड्युरन्स ताशी २५ च्या सरासरीनं पूर्ण केली तर १०० किलोमीटर होतात. म्हणजे साधारण ५५ हजार फेऱ्या.

साडेबारा कोटी एकीकडे, ५५ हजार दुसरीकडे. वळणावरचा आडवा जोर, चुकलेली उडी, सगळं धरून अंदाज दहापट खाली आणला तरी बेअरिंग वजनानं मरायला नको. तरी ते वर्षात तीनदा मेलं. याचा अर्थ त्याला वेगळंच काहीतरी मारत होतं. बहुतेक वेळा हे 'काहीतरी' तीनपैकी एक असतं: आत शिरलेलं पाणी आणि माती, बसवतानाची चूक, किंवा शेजारच्या पार्टचं चुकलेलं माप.

आवाज ओळखायचा कसा?

घरघर ऐकू आली की लगेच पाने काढू नका. आधी खात्री करा.

गाडी सपाट फरशीवर घ्या, पुढच्या चाकांना विटा लावा, मागून जॅकनं उचला आणि खाली घोड्या ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणीही हात घालायचा नाही. हा नियम कॅप्टनलासुद्धा लागू.

एक हात चाकाच्या वर, एक खाली. आतबाहेर हलवून बघा. 'टक-टक' लागलं तर प्ले आहे. आता मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला, तर संशय बेअरिंगवर. तसाच राहिला, तर सस्पेन्शनचा बुश किंवा जॉइंट बघा. या एका युक्तीनं तुमचे अर्धे चुकीचे खर्च वाचतात.

मग चाक हातानं हळू फिरवा आणि दुसरा हात हबजवळच्या सस्पेन्शनवर ठेवा. वाळूवरून चालल्यासारखी खरखर हाताला लागते. कानाआधी हाताला कळतं. गाडी चालवताना डाव्या वळणावर आवाज वाढला तर उजवं बेअरिंग तपासा, उजव्या वळणावर वाढला तर डावं, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. फेरी मारून आल्यावर दोन्ही हबजवळ हात नेऊन बघा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल आणि त्या बाजूचा ब्रेक धरत नसेल, तर पुरावा मिळाला.

खोलणं आणि बसवणं

चाक काढा, कॅलिपर सोडवून तारेनं वर टांगा (होजवर लोंबकळू देऊ नका), स्प्लिट पिन काढून अ‍ॅक्सलचा नट सोडा, हब बाहेर घ्या. एकसंध अ‍ॅक्सल असलेल्या पर्यटनाच्या एटीव्हीत दोन्ही चाकं, डिस्क आणि स्प्रॉकेट काढून सबंध अ‍ॅक्सल एका बाजूनं सरकवावा लागतो. पुढचं काम दोन्हीकडं सारखंच: ऑइल सील उचकटायचं, सर्क्लिप काढायची, बेअरिंग बाहेर घ्यायचं.

जुनं बेअरिंग काढताना थोडी ठोकाठोक चालते, ते तसंही जाणार असतं. मात्र ठोका सगळीकडून सारखा द्या, नाहीतर ते तिरकं होऊन हाऊसिंगला ओरखडे पाडतं. शक्य असेल तर पुलर वापरा. एका हाऊसिंगमधली दोन्ही बेअरिंग आणि सील एकदमच बदला. एक जुनं ठेवून वाचवलेले काही शे रुपये पुढच्या महिन्यात व्याजासकट जातात.

नवीन बसवताना हातोडा बाजूला ठेवा. इथं फिजिक्स कामाला लावा. हाऊसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर ते गरम झाल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ६२ मिलिमीटरचं भोक ८० अंशांनी जास्त गरम केलं तर सुमारे ०.११ मिलिमीटर मोठं होतं. बेअरिंग रात्रभर मेसच्या फ्रीजरमध्ये ठेवलं (प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, नाहीतर त्याला दव सुटतं), तर ते आणखी ०.०३ मिलिमीटरच्या आसपास आकसतं. कागदाच्या जाडीएवढा हा फरक, पण बेअरिंग अलगद खाली बसतं. हाऊसिंगला हॉट एअर गन लावा. गॅसची ज्योत एकाच जागी धरून ते वाकडं करू नका, आणि जवळपास पेट्रोल नसल्याची खात्री करा.

दाबायची वेळ आलीच तर एक नियम पाठ करा: जे कडं घट्ट बसणार, त्याच कड्यावर जोर. हाऊसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावर, अ‍ॅक्सलवर बसवताना आतल्या कड्यावर. चुकीच्या कड्यावर ठोकलं की तो घाव छर्‍यांमधून पलीकडं जातो, रुळावर बारीक खड्डे पडतात आणि नवीन बेअरिंग गाडी हलायच्या आधीच आजारी पडतं. आमच्यातल्या एकानं सवयीनं हातोडा उचलला, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "नारळ फोडतुयास का?"

आणखी एक. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेनं गरागरा फिरवण्याचा मोह होतो, शिट्टी छान वाजते. करू नका. ते त्या वेगात फुटलं तर छर्रे गोळीसारखे उडतात.

मेलेल्या बेअरिंगचं पोस्टमॉर्टेम

काढलेलं बेअरिंग लगेच भंगारात टाकू नका. ते बोलतं. ग्रीस दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलंय. बाहेरच्या कड्याच्या पाठीवर तांबूस भुकटी असेल तर ते हाऊसिंगमध्ये ढिलं बसलं होतं. रुळावर छर्‍यांच्या अंतराअंतरानं खड्डे असतील तर कुणीतरी ठोकलंय. निळसर झाक म्हणजे भाजलंय. छर्‍यांचा मार्ग रुळाच्या मधोमध न राहता एका कडेला चढलेला दिसला, तर बेअरिंग आडव्या जोरात काम करत होतं.

आमच्या तिसऱ्या बेअरिंगचा चुरा झाला होता. पण दुसरं एका ज्युनिअरनं पेपरवेट म्हणून ठेवलं होतं. मामांनी ते कापून दोन्ही कडी पुसली. मार्ग सरळ कडेला चढलेला.

मग त्यांनी नवीन जोडी बसवायला लावली आणि चाक फिरवायला सांगितलं. मस्त हलकं फिरलं. "आता नट आवळा." टॉर्क रेंचनं ठरलेल्या मापाला आवळला. पुन्हा चाक फिरवलं, तर जड! तेच चाक, तेच बेअरिंग, फक्त नट आवळलेला.

"घावलं," मामा म्हणाले. "नळी आखूड हाय."

दोन बेअरिंगच्या मध्ये एक नळी असते, तिला आपण स्पेसर म्हणतो. तिचं काम दोन्ही आतल्या कड्यांना नेमक्या अंतरावर धरून ठेवण्याचं. हाऊसिंगमधल्या ज्या दोन खांद्यांना बाहेरची कडी टेकतात, त्यांच्यातल्या अंतराएवढीच ती हवी. आखूड पडली तर नट आवळताच आतली कडी एकमेकांकडं ओढली जातात, बाहेरची जागीच राहतात, आणि छर्रे रुळाच्या कडेला चिरडले जातात. व्हर्नियर लावला. आमची नळी अर्धा मिलिमीटर कमी होती. आदल्या वर्षी घाईत लेथवर काढलेली, कुणी मोजलीच नव्हती.

म्हणजे आम्ही नट जितका 'नीट' आवळत होतो, तितक्या लवकर बेअरिंग मारत होतो. तेव्हा बाइकच्या मागच्या चाकाचं काम करून घेताना गॅरेजमध्ये ही नळी खाली पडलेली दिसली, तर गप्प बसू नका.

पाणी, माती आणि आपला उत्साह

स्पेसर सुधारला तरी पाण्याचा बंदोबस्त राहतोच. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्याची लाल माती सगळीकडं घुसते. सांगलीकडं कृष्णाकाठची काळी माती चाकाला चिकटली की सीलच्या ओठाशी बसून वाळते, आणि मग सँडपेपरसारखी घासते. रबराचा तो ओठ गेला की बेअरिंगचे दिवस भरले. म्हणून सील आधी जातं, बेअरिंग नंतर. नवीन सील बसवताना ओठाला ग्रीस लावा आणि अ‍ॅक्सलवर जिथं ओठ टेकतो, तिथं नखाला लागेल अशी खाच पडली आहे का ते बघा.

टेस्टिंग झाल्या झाल्या गरम गाडी पाण्यात घालू नका. हबमधली गरम हवा गार होताना आकसते आणि पाणी आत ओढते. प्रेशर वॉशरचा फवारा सरळ सीलवर मारणं तर आणखी वाईट. गाडी चकाचक दिसते आणि आत गंज सुरू होतो. साध्या पाइपनं, लांबून, गार झाल्यावर धुवा.

मामांनी नवीन नळी लेथवर काढून दिली, हाऊसिंग मोजून, मायक्रोमीटर लावून. नट आवळला, चाक फिरवलं. हलकं. मग त्यांनी विचारलं, "गाडी कोण चालवतंय?" आम्ही सेकंड इयरच्या त्या पोराकडं बोट दाखवलं. मामांनी त्याला पुढं बोलावलं, चाकावर हात ठेवायला लावला आणि आम्हाला म्हणाले, "ह्यानं हो म्हटल्याबिगर गाडी भाईर काढायची न्हाई."

त्यानं दोन्ही बाजू फिरवून बघितल्या. मग उजवं चाक पुन्हा एकदा फिरवलं. आम्ही सगळे थांबलो. अखेर त्यानं मान हलवली.

आता टीमच्या वहीत नवीन रकाने आखलेत. तारीख, कोणतं चाक, कुणी आवाज ऐकला, कुणी काम केलं आणि शेवटी 'कारण'. तो शेवटचा रकाना रिकामा असेल तर काम पूर्ण झालं असं धरत नाहीत. तुमच्याही वर्कशॉपमध्ये अशी वही असेलच. आज कॉलेजला गेलात की त्यात हा रकाना आहे का, तेवढं बघा.

चौकट: गाडी काढण्याआधी दहा मिनिटं

- चाक वरखाली धरून हलवा. प्ले लागला तर ब्रेक दाबून पुन्हा हलवा.
- चाक हातानं फिरवा. खरखर, अडखळणं, जडपणा जाणवतो का?
- नट आवळण्याआधी आणि नंतर चाक सारखंच हलकं फिरायला हवं.
- स्प्लिट पिन दर वेळी नवीन. जुनी सरळ करून वापरू नका.
- सीलच्या कडेला ओलं ग्रीस किंवा लाल पाझर दिसला तर सील गेलंय.
- बेअरिंग ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. नामांकित कंपन्यांची नकली बेअरिंग बाजारात असतात. खरं-खोटं तपासायला काही कंपन्यांनी मोबाइल अ‍ॅप दिलेली आहेत.
- पहिल्या फेरीनंतर नटचा टॉर्क पुन्हा तपासा, दोन्ही हबची गरमी ताडून बघा.
- ड्रायव्हर म्हणाला 'आवाज येतोय', तर गाडी थांबवा. आधी चाक बघा, वाद नंतर.